पणजोबांची नोंद कुठे सापडेल? मुंबईकरांसाठी जन्म, लग्न आणि मृत्यूच्या जुन्या नोंदी शोधण्याची वाट

आजोबांच्या मृत्यूची नोंद मी सहा महिने चुकीच्या वॉर्डात शोधत होतो. आमची खोली लालबागला, आजोबा गिरणीत, सगळा जन्म परळ-लालबागमध्ये गेलेला. म्हणून मी एफ दक्षिण वॉर्ड धरून बसलो. दर वेळी उत्तर एकच यायचं: नोंद आढळत नाही. मग एका रविवारी बदलापूरला आत्याकडे जेवायला गेलो. भात वाढता वाढता ती म्हणाली, "अरे, दादांना शेवटच्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या हॉस्पिटलात नाही का हलवलं होतं? तिथूनच तर परस्पर नेलं." पुढच्या खेपेला ई वॉर्डात अर्ज केला आणि नोंद मिळाली. वय, चाळीचं नाव, खोली क्रमांक, बापाचं नाव, सगळं त्यात होतं.

या शोधाचा पहिला नियम मी तिथे शिकलो. माणूस जिथे राहत होता तिथे त्याची नोंद असेलच असं नाही. जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथे ती असते. ऑनलाइन शोधायला बसणाऱ्या नव्या माणसाने एवढं एक पक्कं धरलं तरी त्याचे महिनोन्‌महिने वाचतील.

दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो, म्हणजे निराशा होणार नाही. मुंबईच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नाव टाकलं की पणजोबा समोर येतील अशी सर्वांसाठी खुली यादी नाही. महापालिकेच्या पोर्टलवरून दाखल्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी नाव, साधारण तारीख आणि ठिकाण तुम्हाला आधी माहीत हवं. केंद्र सरकारचं सीआरएस हे जन्म-मृत्यू नोंदणीचं पोर्टल मुख्यतः अलीकडच्या नोंदींच्या कामाचं. जुन्या पिढ्यांसाठी ऑनलाइन शोध म्हणजे तारीख आणि ठिकाण यांच्या जवळ जवळ सरकत जाणं. शेवटचा टप्पा पुष्कळदा वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर किंवा गावच्या तहसील कचेरीतच संपतो.

आधी घरातली ट्रंक आणि घरातली म्हातारी माणसं

संगणक उघडण्याआधी एक वही करा. प्रत्येक माणसाला एक पान द्या. वर नाव, खाली तीन ओळी: जन्म कुठे-कधी, लग्न कुठे-कधी, मृत्यू कुठे-कधी. जे माहीत नाही ते कोरं सोडा. अंदाज असेल तर 'अंदाजे' असं लिहा आणि कोणी सांगितलं तेही लिहा.

मग माणसांना भेटा. माझा अनुभव असा की आत्या, मावशी, मोठी काकू यांना काका-मामांपेक्षा जास्त आठवतं. कोणाच्या बाळंतपणाला कोण गेलं होतं, कोणाच्या बाराव्याला पाऊस होता, हे त्यांच्याकडूनच कळतं. थेट "कोणत्या साली?" असं विचारू नका. "गिरण्यांचा संप झाला तेव्हा आजी होती का?" असं विचारा. तो संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, म्हणजे एक खुंटी मिळाली. पानशेतचं धरण फुटलं ते जुलै १९६१. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७. संयुक्त महाराष्ट्र झाला १ मे १९६०. म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, पण भूकंपाच्या रात्री कडेवर कोणतं मूल होतं ते पक्कं आठवतं.

कागदांत पाहायचं ते शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, गिरणीचं हजेरी कार्ड, विम्याची पावती, स्मशानातली पावती, जन्मपत्रिका. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मात्र डोळे झाकून घेऊ नका. १ जून दिसली तर शंका घ्याच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, पालकांना तारीख सांगता यायची नाही, मग मास्तर मूल सहा वर्षांचं बसेल असा १ जून लिहून मोकळे व्हायचे. महाराष्ट्रात एका पिढीच्या अर्ध्या घरांत असा कोणीतरी आहे. अशा वेळी सालसुद्धा एक-दोन वर्षं मागेपुढे धरून शोधा.

तिथीवरून तारीख काढणं

आपल्या लोकांकडे एक साधन आहे आणि त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही. मृत्यूची तारीख विसरली जाते, तिथी विसरली जात नाही, कारण दर वर्षी श्राद्ध असतं.

घरात विचारा, आजोबांचं वर्षश्राद्ध कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला करत होतो? 'कार्तिक वद्य पंचमी' असं उत्तर आलं तर एका वर्षात ती तिथी साधारण एकदाच येते. साल १९६२ ते १९६४ च्या दरम्यान असावं एवढं ठाऊक असेल, तर तुमच्या हातात साधारण तीन तारखा उरतात. जुन्या वर्षांचं पंचांग इंटरनेटवर मिळतं, तिथे त्या तीन तारखा काढा. एक खबरदारी घ्या. अशा संकेतस्थळांवर महिना मोजण्याच्या दोन पद्धती असतात. आपली अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपणारी. उत्तरेकडची पौर्णिमान्त. शुद्ध पक्षात फरक पडत नाही, पण वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. आपली कार्तिक वद्य पंचमी त्यांच्याकडे मार्गशीर्षात जाते. म्हणून अमान्त पद्धत निवडल्याची खात्री करा.

फक्त भाद्रपदातल्या पक्षाची तिथी माहीत असेल तर ती मृत्यूची तिथी सांगते, महिना सांगत नाही, आणि शुद्ध की वद्य हेही सांगत नाही. शिवाय अपवाद आहेत. सवाष्ण गेलेल्या बाईचा पक्ष अविधवा नवमीला करतात, मग ती कोणत्याही तिथीला गेलेली असो. अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांचा चतुर्दशीला. ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांचा सर्वपित्री अमावास्येला. नवमी, चतुर्दशी किंवा अमावास्या असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारा: गेली तेव्हा आजोबा होते का? कसे गेले?

जन्मपत्रिकेवर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या जन्मांना ७९ मिळवावे लागतात. शके १८५२ च्या चैत्रातला जन्म १९३० चा, त्याच शकातल्या माघातला १९३१ चा. आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपला वार सूर्योदयाला बदलतो, सरकारी तारीख मध्यरात्री. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेतला वार आणि पालिकेतली तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला तर कोणाची चूक समजू नका.

घटना कुठे घडली असेल

आता ठिकाण. इथे मुंबईकराची सर्वांत मोठी फसगत होते, कारण आपलं अर्धं आयुष्य मुंबईत आणि अर्धं गावाला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. वडील मुंबईत नोकरीला, बिऱ्हाड गिरगावात, म्हणून थोरल्या मुलाचा जन्म गिरगावात, असं आपण गृहीत धरतो. पण आजी सातव्या महिन्यात बोटीने नाही तर एसटीने माहेरी गेलेली असते. मग नोंद तिच्या माहेरच्या गावात सापडते, तुमच्या आडनावाच्या गावातही नाही. म्हणून प्रत्येक आजीच्या आणि पणजीच्या पानावर माहेरचं गाव, तालुका आणि माहेरचं आडनाव ठळक लिहा. माझ्या मते हा संपूर्ण शोधातला सर्वांत मोलाचा तपशील आहे, आणि वंशावळ करणारी बहुतेक माणसं नेमका तोच गाळतात.

मृत्यूच्या बाबतीत उलटही होतं. निवृत्तीनंतर माणसं गावी परतत. १८९६ च्या प्लेगमध्ये तर लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले. त्या वर्षांत गेलेला माणूस मुंबईच्या रजिस्टरात नसेल तर गावात पाहा.

हॉस्पिटलचं नाव कोणी सांगितलं तर त्याचं वयही ताडून बघा. जे. जे. १८४५ चं, कामा १८८६ चं. परळचं केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह दोन्ही १९२६ ची, सायनचं १९४७ चं. "आजोबांचा जन्म १९२१ ला केईएममध्ये" असं कोणी सांगितलं तर साल तरी चुकलंय किंवा जागा तरी.

वॉर्डांची मोघम ओळख हवी. ए म्हणजे फोर्ट-कुलाबा, बी डोंगरी-मांडवी, सी काळबादेवी-भुलेश्वर, डी ग्रँट रोड-मलबार हिल आणि गिरगावचा बराचसा भाग, ई भायखळा-मुंबई सेंट्रल. एफ दक्षिण परळ-लालबाग, एफ उत्तर माटुंगा-सायन-वडाळा, जी दक्षिण वरळी-प्रभादेवी, जी उत्तर दादर-माहीम-धारावी. त्यापुढे उपनगरं. जुन्या कागदावर 'डिलाइल रोड' असेल तर तो आजचा ना. म. जोशी मार्ग. 'लॅमिंग्टन रोड' म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग.

उपनगरांचं गणित वेगळं आहे. नजीकची उपनगरं १९५० मध्ये मुंबई पालिकेत आली, दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ मध्ये. त्याआधी तिथे वेगळ्या नगरपालिका आणि ग्रामपंचायती होत्या, आणि १९२० पूर्वी तो सगळा पट्टा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडायचा. १९४० च्या अंधेरीतल्या जन्मासाठी वॉर्डात जाल तेव्हा नुसतं "नोंद आहे का" असं न विचारता "अंधेरी पालिकेत येण्याआधीची रजिस्टरं कुठे ठेवली आहेत" असा नेमका प्रश्न विचारा.

गावाच्या पत्त्यातही जुने जिल्हे येतात. 'जि. कुलाबा' वाचून आपण दक्षिण मुंबईत शोधू लागतो. तो आजचा रायगड आहे, १९८१ मध्ये नाव बदललं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा, त्याआधीचे मालवण, कणकवली, देवगड रत्नागिरी जिल्ह्यात सापडतील. सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होतं. 'दक्षिण सातारा' म्हणजे आजची सांगली. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात.

वॉर्डात अर्ज करताना

वॉर्डातला वैद्यकीय आरोग्य अधिकारी हा जन्म-मृत्यूचा निबंधक असतो. अर्ज नागरी सुविधा केंद्रात द्यायचा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणालाही रजिस्टरात शोध घेण्याची विनंती करता येते आणि नोंदीचा दाखला मागता येतो. अर्जात या कलमाचा उल्लेख करा आणि कौटुंबिक इतिहासासाठी हवा आहे असं स्वच्छ लिहा. मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. कायद्यातच तशी मनाई आहे, त्यावर वाद घालत बसू नका.

हा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. शहरात नोंदी त्याच्या फार आधीपासून होत होत्या, पण पद्धत एकसारखी नव्हती. म्हणून १९७० आधीच्या नोंदीसाठी जास्त धीर ठेवा.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नसण्याची शक्यता मोठी. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधीच झालेली, मग नाव घालायला कोणी परत गेलंच नाही. रजिस्टरात 'मुलगा' एवढंच, पुढे बापाचं नाव. त्यामुळे अर्जात बाळाच्या नावाइतकंच बापाचं आणि आईचं नाव, राहण्याचा पत्ता आणि हॉस्पिटल द्या. तारखेऐवजी कालावधी द्या, 'जानेवारी १९४१ ते डिसेंबर १९४३' असा. फार मोठा देऊ नका. दहा वर्षांचा कालावधी दिला की माणूस कंटाळतो आणि वरवर बघून नकार देतो. दोन-तीन वर्षांचे वेगवेगळे अर्ज करणं बरं.

नावाची जी जी रूपं सुचतील ती सगळी लिहा. इंग्रजीत लिहिलेल्या रजिस्टरात एकच सावंत दोन स्पेलिंगांनी येतो, गावडे तीन स्पेलिंगांनी. आणि पुष्कळ जुन्या नोंदींत आडनावच नसतं. 'गणू बिन रामजी', 'सखू कोम गणू' असं लिहिलेलं असतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. 'मयत' म्हणजे मृत, 'साकीन' म्हणजे राहणार, 'मौजे' म्हणजे गाव, हे शब्दही ओळखीचे करून घ्या.

बायकांच्या बाबतीत तर चार नावांनी शोधावं लागतं. माहेरचं नाव बापाच्या नावासकट, सासरचं नाव नवऱ्याच्या नावासकट, आणि लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही. माझी पणजी घरात सर्वांना 'लक्ष्मी' म्हणून माहीत. मृत्यूची नोंद मिळाली ती 'भागू' नावाने. ते माहेरचं नाव होतं आणि हॉस्पिटलात तिच्या भावाने सांगितलं होतं.

शोधूनही नोंद नाही मिळाली तर अनुपलब्धता प्रमाणपत्र मागून घ्या. कोणत्या वॉर्डात, कोणत्या वर्षांत शोध झाला ते त्यावर लिहून येतं, म्हणजे तेच काम दोनदा होत नाही.

गावाकडचा शोध: इथे ऑनलाइन खरं फळ मिळतं

मुंबईकराने घरबसल्या सर्वांत जास्त मिळवायचं असेल तर ते जमिनीच्या कागदांत. गावाला दोन गुंठे जरी असले तरी.

महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांकाने किंवा नावाने सातबारा पाहता येतो. नाव मराठीत टाकायचं. नुसत्या आडनावाने शोधलं तर भावकी सगळी समोर येते. सातबाऱ्यावर फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक दिलेले असतात आणि खरा खजिना त्या क्रमांकांत आहे. माणूस गेला की वारसांची नोंद लावण्यासाठी फेरफार होतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६ क म्हणजे वारसांची नोंदवही.

आमच्या एका जुन्या फेरफारात अशा अर्थाची चार ओळींची नोंद आहे: खातेदार अमुक तारखेस मयत. वारस मुलगे तीन, वयं सव्वीस, बावीस, अज्ञान (म्हणजे सज्ञान नसलेला) चौदा. मुली दोन, लग्न होऊन दिल्या, पुढे नवऱ्यांची नावं आणि गावं. विधवा बायको अमुक. चार ओळींत एका कुटुंबाच्या दोन पिढ्या. पणजोबांच्या मृत्यूची तारीख मला कोणत्याही जन्म-मृत्यू रजिस्टराआधी तिथे मिळाली, आणि ज्या आत्याआजीचं नावही घरात कोणी घेत नव्हतं ती तिथे सापडली, नवऱ्याच्या गावासकट. फक्त एक ध्यानात ठेवा. फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. नोंद कधी कधी दहा-दहा वर्षांनी लावलेली असते. 'मयत' शब्दाजवळची तारीख वाचा.

जुने स्कॅन केलेले सातबारे आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. सगळी गावं, सगळी वर्षं मिळतीलच असं नाही. शेतजमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या सरकारी एकत्रीकरण योजनेनंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या गट नंबराने जुना फेरफार शोधू नका. आधी जुना सर्व्हे नंबर कोणता होता ते काढा.

गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना १४ मध्ये असते, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ही पुस्तकं सहसा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. १९७० नंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत, आणि तिच्या जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसाठी 'आपले सरकार' पोर्टलवरून अर्ज करता येतो.

२०२३ पासून एक मोठी सोय झाली आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत १९६७ पर्यंतच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या. कोतवाल बुकं, शाळांची जनरल रजिस्टरं, महसुली कागद उघडले गेले. सापडलेल्या कुणबी नोंदींचे स्कॅन अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गावाप्रमाणे लावले आहेत. काम जातीच्या दाखल्यांसाठी झालं, पण तुमच्या गावचं पान त्यात असेल तर शंभर वर्षांपूर्वीचं मूळ हस्ताक्षर तुम्हाला फोनवर दिसतं. ती सगळी रजिस्टरं नव्हेत, निवडक पानं आहेत. तिथे नाव नाही म्हणून नोंदच नाही असा अर्थ काढू नका.

त्यातली बरीच पानं मोडीत आहेत. घाबरू नका. तुम्हाला पूर्ण मोडी वाचायची नाही, एका गावची दोन-तीनशे नावं वाचायची आहेत. आधी आपलं आडनाव, आपल्या गावाचं नाव आणि घरातली चार नावं मोडीत कशी दिसतात ते कागदावर लिहून बघा, तीच वळणं पानावर शोधा. मुंबई-पुण्यात मोडीचे वर्ग भरतात. मृत्यूच्या रकान्यात ताप, देवी, पटकी, गाठीचा ताप असे शब्द दिसतील. देवी म्हणजे स्मॉलपॉक्स, पटकी म्हणजे कॉलरा, गाठीचा ताप म्हणजे प्लेग.

लग्नाच्या नोंदी

इथे सरकारी रजिस्टराकडून फार आशा ठेवू नका. मुंबई राज्यात विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा, नंतर महाराष्ट्राचा १९९८ चा, पण आपल्या आजी-आजोबांनी लग्न नोंदवलं असेलच असं नाही. नोंदणी पद्धतीने लग्न झालं असेल, म्हणजे विशेष विवाह कायद्याखाली, तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोंद नक्की असते. ख्रिस्ती कुटुंबांचं वेगळं. वसई, वांद्रे, गिरगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, फादरांना भेटून विनंती करावी. मुस्लिम कुटुंबांत निकाहनामा आणि काझींचं दप्तर.

बाकीच्यांसाठी लग्नपत्रिका, आणि त्याहून मोलाची आहेराची वही. ती कोणी रद्दीत दिली नसेल तर मागून घ्या. माझ्यासमोर आजीच्या लग्नाची आहे. लाल कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुंकवाचा ठसा, आणि खाली ओळीने नावं. प्रत्येक नावापुढे गाव आणि आहेर. 'मामा, राजापूर, १।', 'मावशी, काळाचौकी, खण नारळ'. १। म्हणजे सव्वा रुपया, एका दांडीला चार आणे. आणे वापरात आहेत म्हणजे वही १९५७ च्या आसपासची किंवा आधीची, कारण त्या साली नवे पैसे आले. कोणाचं नातं कोणत्या गावात होतं, हे त्या वहीतून जितकं कळलं तितकं कोणत्याही रजिस्टरातून कळलं नाही. मी तिचं पान न्‌ पान फोनने टिपून ठेवलं आहे.

नाव किंवा आडनाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात असते, तिथे जुनं-नवं दोन्ही एकत्र सापडतं.

परदेशी संकेतस्थळं आणि तीर्थोपाध्याय

फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ आहे. खातं उघडावं लागतं. त्यावर हरिद्वार, कुरुक्षेत्र वगैरे ठिकाणच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं आहेत. नावाने शोध लागत नाही, पान पान उलटावं लागतं, आणि बहुतांश उत्तरेकडच्या यजमानांची. आपल्यासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची नामावळी जास्त कामाची. गाव आणि आडनाव सांगितलं की त्या गावाची वही ज्यांच्याकडे ते गुरुजी सापडतात, आणि वहीत पूर्वी येऊन गेलेल्या पूर्वजांची नावं, काही वेळा सह्यासुद्धा असतात. तिथे प्रत्यक्षच जावं लागतं.

ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरातल्या मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी फाइंडमायपास्टवर पैसे भरून दिसतात. त्या मुख्यत्वे युरोपियन आणि ख्रिस्ती लोकांच्या आहेत. तुमच्या घराण्यात तसं कोणी नसेल तर त्यावर पैसे खर्च करू नका. जन्मदाखला 'लगेच' काढून देणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासूनही लांब राहा. सरकारी पोर्टलच्या नक्कल केलेल्या साइट्स पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघूनच आधार क्रमांक किंवा पैसे द्या.

वंशावळ इंटरनेटवर चढवाल तेव्हा हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आयांची माहेरची आडनावं उघडी ठेवू नका, बँका अजूनही तेच प्रश्न विचारतात. आणि जुन्या नोंदीत दुसरं लग्न, टाकलेली बायको, दत्तक मूल असं काही निघालं, तर चढवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आमच्या फेरफारातली ती आत्याआजी का विसरली गेली हे मला आता ठाऊक आहे, ते वहीत लिहिलं आहे, आणि तिच्या नातवाला दाखवल्याशिवाय ते पान मी कोणाला देणार नाही.

वहीत प्रत्येक शोधापुढे चार गोष्टी लिहीत चला: तारीख, कुठे शोधलं, कोणत्या नावांनी, कोणती वर्षं. सापडलं नाही तरी लिहा. मी ई वॉर्डाचा अर्ज केला त्या दिवशीच्या पानावर आत्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आहे, कारण नोंद मला कुठून मिळाली याचा खरा पुरावा तेच आहे.